बिलावरचा कर : वरून जोडलेला आणि पोटात असलेला

पाटीपेन्सिल

एका छोट्या संस्थेच्या खर्चाची वही माझ्याकडे असते. प्रत्येक बिलापुढे दोन रकाने भरायचे, एक मूळ किमतीचा आणि एक कराचा. गेल्या आठवड्यात आलेल्या एका बिलावर एकच आकडा होता, २३००, आणि खाली बारीक अक्षरांत 'सर्व करांसहित, दर १५ टक्के'. मी २३०० चे १५ टक्के काढले, ३४५ आले. कराच्या रकान्यात ३४५, मूळ किमतीच्या रकान्यात १९५५. बेरीज जुळत होती, त्यामुळे शंका यायचं काही कारणच नव्हतं.

हिशेब तपासणाऱ्या बाईंनी वही परत पाठवली तेव्हा ३४५ भोवती पेन्सिलीचा गोल होता आणि बाजूला एक ओळ : १९५५ वर १५ टक्के लावून बघा.

लावून बघितले. २९३.२५ आले. १९५५ आणि २९३.२५ मिळून २२४८.२५ होतात, २३०० होत नाहीत. म्हणजे माझी मूळ किंमतच चुकली होती. खरी मूळ किंमत २०००, त्यावर १५ टक्के म्हणजे ३००, एकूण २३००.

मग मी बराच वेळ त्या ४५ च्या फरकाकडे बघत बसलो. हे ४५ कुठून आले? ३०० चे १५ टक्के ४५ होतात. बरोबर तेवढेच. म्हणजे मी करावरही कर मोजला होता. २३०० मध्ये २००० वस्तूचे आणि ३०० कराचे, आणि मी दोन्हींवर १५ टक्के लावून मोकळा झालो होतो.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हे असं बसलंय : कर दोन जागी असू शकतो. एक, किमतीच्या वर जोडलेला. दुसरा, किमतीच्या पोटात असलेला. दर दोन्हीकडे एकच छापलेला असतो, पण तो कायम मूळ किमतीवरचा दर असतो, हातातल्या एकूण आकड्यावरचा नाही. १५ टक्के याचा अर्थ मूळ शंभरामागे १५, म्हणजे गिऱ्हाईक देणार ११५. त्या ११५ पैकी १५ कर. ११५ पैकी १५ म्हणजे शेकडा १५ नव्हे, शेकडा साधारण १३.०४.

आपण सगळेच रोज काही ना काही विकत घेतो आणि रोज हा कर भरतो. तरी शिकली-सवरलेली माणसंसुद्धा इथे अडखळतात, मी तर हिशेब लिहिणारा असून अडखळलो. म्हणून धागा काढतोय. ज्यांना यातलं कळतं त्यांनी भर घाला, ज्यांची बिलं जुळत नाहीत त्यांनी इथे मांडा.

---

कोरा_कागद

चांगला विषय. पण सोपं करून सांगा ना. पोटातला कर बाहेर काढायचा तर नेमकं करायचं काय? वजाबाकी चालत नाही हे कळलं.

---

पाटीपेन्सिल

भागाकार करायचा. दर १५ असेल तर एकूण रकमेला १.१५ ने भागा, मूळ किंमत मिळते. २३०० भागिले १.१५ बरोबर २०००. उरलेले ३०० कर. दर ८ असेल तर १.०८ ने, २० असेल तर १.२ ने. जोडताना गुणलं होतं, तर काढताना भागायचं.

---

फळा

मी शाळेत गणित शिकवते. टक्केवारीच्या धड्यात मुलं हमखास जिथे घसरतात ती हीच जागा, आणि ती नीट समजावली तर जन्मभर विसरत नाहीत. म्हणून थोडं लांबवते.

मुलांना मी भागाकारापेक्षा 'वाटे' सांगते. मूळ किंमत म्हणजे १०० वाटे. १५ टक्के कर म्हणजे आणखी १५ वाटे. हातातली रक्कम म्हणजे ११५ वाटे. आता कर किती? ११५ पैकी १५ वाटे. अपूर्णांक संक्षेपात मांडला की ३/२३. म्हणजे २३०० ला २३ ने भागा, १०० आले, त्याची तिप्पट ३००. कॅल्क्युलेटर लागतच नाही.

प्रत्येक दराला असा एक अपूर्णांक असतो, आणि काही फार देखणे निघतात. दर १० असेल तर ११० पैकी १०, म्हणजे एकूण रकमेचा अकरावा हिस्सा. दर २० असेल तर १२० पैकी २०, म्हणजे सहावा हिस्सा. दर ५ असेल तर एकविसावा. दर २५ असेल तर पाचवा, म्हणजे वरून २५ टक्के आणि आतून २० टक्के. साडेबाराला नववा. १८ ला मात्र ९/५९, तो काही तोंडी जमत नाही, तिथे सरळ १.१८ ने भागावं.

हे मनाचे खेळ नाहीत. ऑस्ट्रेलियात १ जुलै २००० पासून १० टक्के जीएसटी आहे, तिथे अकराने भागणं हीच रुळलेली पद्धत आहे. न्यूझीलंडमध्ये १ ऑक्टोबर २०१० पासून १५ टक्के आहे, तिथे ३/२३ वापरतात. ब्रिटनमध्ये ४ जानेवारी २०११ पासून मुख्य दर २० टक्के आहे, म्हणून एक षष्ठांश. त्याआधी दर साडेसतरा होता तेव्हा अपूर्णांक होता ७/४७, आणि तिथल्या हिशेबनिसांना तो पाठ असायचा.

पाटीपेन्सिल, तुमच्या बाईंनी लिहिलेली ओळ मला फार आवडली. उत्तर न सांगता पडताळा करायला लावला. काढलेल्या मूळ किमतीवर दर पुन्हा लावून एकूण आकडा येतो का, हे बघायची सवय लागली की ही चूक कागदावर टिकूच शकत नाही.

---

उत्तरध्रुव

फळाताई, +१. मी वरून जोडण्याबद्दल लिहितो, कारण मी राहतो तिथे फळीवरच्या चिठ्ठीवर कर धरलेलाच नसतो, गल्ल्यावर जोडला जातो. अमेरिकेतल्या बहुतेक ठिकाणी असंच आहे. हातात मोजके पैसे घेऊन रांगेत उभं राहणाऱ्याला हा हिशेब आधी करता आला पाहिजे.

दर सहसा गोल नसतो. कॅलिफोर्नियात राज्यभराचा किमान दर ७.२५ टक्के, त्यावर गावागावाचे स्थानिक कर वेगळे. ७.२५ तोंडी कसं काढायचं? आधी एक टक्का काढा, म्हणजे दशांशचिन्ह दोन घरं डावीकडे सरकवा. ६४ चा एक टक्का ०.६४. त्याची सातपट ४.४८. उरला पाव टक्का, म्हणजे ०.६४ चा चौथा हिस्सा, ०.१६. एकूण कर ४.६४, द्यायचे ६८.६४.

ज्यांच्या घरात आजोबांनी पावकी-निमकी पाठ करून घेतली त्यांना हे अंगवळणी पडायला वेळ लागणार नाही. पाव, अर्धा, पाऊण टक्का ही तीच पाव-अर्धा-पाऊणाची भाषा आहे.

अवांतर : अलास्का, डेलावेअर, माँटाना, न्यू हॅम्पशायर आणि ओरेगन या पाच राज्यांत राज्याचा विक्रीकरच नाही. पण अलास्कात काही गावं स्वतःचा कर लावतात, त्यामुळे 'कर नाही' या भरवशावर तिथेही राहू नये.

---

सांजवात

माझं एक बिल चार दिवस डोकं खातंय, म्हणून इथे आले. वस्तूची किंमत ५००, कर ८ टक्के, वरून जोडलेला. माझ्याकडे ५० सुटीचं कूपन होतं. मी गणित केलं : ५०० वजा ५० म्हणजे ४५०, त्यावर ८ टक्के ३६, एकूण ४८६. बिल आलं ४९० चं. गल्ल्यावरच्या मुलाला विचारलं तर म्हणाला यंत्रच काढतं, आम्ही काही करत नाही. चार कुठे गेले? रक्कम छोटी आहे, पण माझं चुकलं की त्यांचं हे कळल्याशिवाय चैन पडणार नाही.

---

कोरा_कागद

सूट आधी की कर आधी, याने फरक पडत नाही ना? गुणाकाराचा क्रम बदलला तरी उत्तर तेच येतं असं शिकलोय.

---

फळा

सूट टक्क्यांत असेल तर तुमचं बरोबर आहे. ५०० वर १० टक्के सूट, मग ८ टक्के कर : ५०० × ०.९ × १.०८ = ४८६. आधी कर लावून मग सूट घेतली तरी ५४० मधून ५४ जाऊन ४८६.

पण सांजवातची सूट ठरावीक ५० ची आहे. तिथे गुणाकार नाही, वजाबाकी आहे, आणि वजाबाकी गुणाकाराच्या आधी केली की नंतर, याने उत्तर बदलतं. आधी वजा केले तर ४५० × १.०८ = ४८६. नंतर वजा केले तर ५४० − ५० = ४९०. फरक ४, आणि ४ म्हणजे ५० चे ८ टक्के. यंत्राने कर पूर्ण ५०० वर धरलाय.

आता तसं का केलं, ते मला सांगता येणार नाही. गणित इथे संपतं, पुढचा प्रश्न नियमाचा आहे.

---

गल्लापेटी

तो नियम मी सांगते. मी अकरा वर्षं गल्ल्यावर काढली आहेत आणि हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी यायचा.

सांजवातताई, कूपन कोणी दिलं होतं ते बघा. दुकानाने स्वतः सूट दिली असेल तर दुकानाला वस्तूचे ४५० च मिळाले, म्हणून कर ४५० वर. पण कूपन वस्तू बनवणाऱ्या कंपनीचं असेल तर दुकान तुमच्याकडून ५० कमी घेतं आणि तेच ५० नंतर कंपनीकडून वसूल करतं. दुकानाच्या दृष्टीने वस्तू ५०० लाच विकली गेली, फक्त त्यातले ५० दुसऱ्या खिशातून आले. म्हणून अमेरिकेतल्या अनेक राज्यांत अशा कूपनावर कर पूर्ण किमतीवर धरतात. सगळीकडे हा नियम एकसारखा नाही, पण तुमचे चार नक्की इथेच गेले असणार.

आणि एक सांगते. गल्ल्यावरच्या मुलांना हे कोणी शिकवत नाही. गिऱ्हाईक तावातावाने विचारतं, मूल गांगरतं, आणि 'यंत्र काढतं' एवढंच उत्तर उरतं. मला हे कळायला तीन वर्षं लागली, तीही एका गिऱ्हाइकाने शांतपणे समजावून सांगितलं म्हणून. नव्या मुलांना पहिल्याच दिवशी दहा मिनिटं बसवून हे सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

---

सांजवात

गल्लापेटी, मनापासून आभार. कूपन दुकानात जमा झालंय, पण त्या वस्तूचं खोकं घरात आहे आणि तसंच दुसरं कूपन आत असायला हवं. बघून सांगते.

---

दशांश

मी बिलं छापणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो. एक-दोन शतांशाच्या फरकाबद्दल जी पत्रं येतात ती सगळी माझ्याकडे येतात, म्हणून पूर्णांकन कसं होतं ते लिहितो.

समजा २.९५ किमतीच्या तीन वस्तू घेतल्या, दर ७ टक्के. एका वस्तूवरचा कर ०.२०६५, तो जवळच्या शतांशाला नेला की ०.२१. तिन्हींचा ०.६३. आता दुसरी रीत : आधी तिन्हींची बेरीज ८.८५, तिच्यावर कर ०.६१९५, पूर्णांकन करून ०.६२. वस्तू त्याच, दर तोच, तरी एका शतांशाचा फरक. पहिल्या रीतीत ओळीगणिक पूर्णांकन झालं, दुसरीत शेवटी एकदाच. दोन्ही रीती वापरात आहेत, आणि घरी कॅल्क्युलेटर घेऊन बसलेला माणूस बहुधा दुसरी वापरतो. बिल पहिल्या रीतीचं असेल तर जुळत नाही.

जपानने यावर स्पष्ट नियम केला. तिथे १ ऑक्टोबर २०२३ पासून नवी पावती पद्धत आली, तिच्यात एका पावतीवर एका दरासाठी पूर्णांकन एकदाच करायचं. तिथे येनचे तुकडे वापरात नाहीत, त्यामुळे ओळीगणिक पूर्णांकनाने फरक चांगलाच साचायचा. मला हा नियम फार नेटका वाटतो. आम्हाला आज्ञावली लिहायलाही सोपं आणि गिऱ्हाइकाला पडताळायलाही सोपं.

कॅनडातली गोष्ट आणखी वेगळी. ४ फेब्रुवारी २०१३ पासून त्यांनी एक सेंटची नाणी वितरित करणं थांबवलं. रोख पैसे देणाऱ्याची रक्कम जवळच्या पाच सेंटला नेतात. पण हे कर जोडून झाल्यावर, अगदी शेवटी होतं. कर शतांशापर्यंत नीट काढलेला असतो, आणि कार्डाने पैसे दिले तर पूर्णांकन होतच नाही. म्हणून दोघांनी एकच वस्तू घेतली, एकाने रोख आणि दुसऱ्याने कार्डाने पैसे दिले, तर दोन सेंटांचा फरक पडू शकतो आणि दोघेही बरोबर असतात.

---

तळटीप

कॅनडाचा विषय निघालाच आहे तर करावर करही बघा. पाटीपेन्सिल यांच्याकडून जे चुकून झालं, ते क्युबेक प्रांतात काही काळ कायद्याने होत होतं.

तिथे संघराज्याचा कर ५ टक्के. प्रांताचा कर २०१२ अखेरपर्यंत साडेनऊ टक्के होता, पण तो वस्तूच्या किमतीवर नव्हे, तर किंमत अधिक संघराज्याचा कर यांच्या बेरजेवर लागायचा. १०० च्या वस्तूवर आधी ५, मग १०५ वर साडेनऊ टक्के म्हणजे ९.९७५. एकूण ११४.९७५.

१ जानेवारी २०१३ पासून हा करावरचा कर काढून टाकला आणि प्रांताचा कर फक्त मूळ किमतीवर लागू केला. दर किती ठेवला? ९.९७५ टक्के! आजही तिथल्या बिलावर हा विचित्र दिसणारा आकडा छापलेला असतो, आणि तो का आहे ते १०५ गुणिले साडेनऊ केल्याशिवाय कळत नाही. गिऱ्हाइकाच्या खिशातून जातं तेवढंच जातं, पण आता दोन्ही कर एकाच मूळ किमतीवर आहेत, त्यामुळे पडताळा सोपा झाला.

---

कोरा_कागद

एक बाळबोध प्रश्न. सेल्स टॅक्स, व्हॅट, जीएसटी ही एकाच गोष्टीची तीन नावं का? माझ्या खिशातून जातं ते शेवटी सारखंच ना?

---

तळटीप

प्रश्न बाळबोध नाही. खिशातून जातं ते सारखं असू शकतं, फरक मागच्या साखळीत आहे. कापडवाला, शिवणारा आणि दुकानदार असे तिघे धरा. कापड १००, शिवलेला सदरा दुकानदाराला २५०, दुकानात ४००. दर १० टक्के, या सगळ्या किमती कराशिवायच्या.

अमेरिकी पद्धतीच्या विक्रीकरात फक्त शेवटच्या विक्रीवर कर. ४०० वर ४०, तो दुकानदार गिऱ्हाइकाकडून घेऊन भरतो. आधीचे दोघे कर नसलेल्या व्यवहारात असतात, कारण त्यांचा माल पुढे विकण्यासाठी जातोय.

व्हॅटमध्ये प्रत्येक टप्प्यावर कर घेतात, पण आधी दिलेला वळता करतात. कापडवाला १० घेऊन १० भरतो. शिवणारा २५ घेतो, त्याने आधी १० दिलेले असतात म्हणून १५ भरतो. दुकानदार ४० घेतो, त्याने २५ दिलेले असतात म्हणून १५ भरतो. १० + १५ + १५ = ४०. बेरीज तीच. जीएसटी हे बहुतेक देशांत याच रचनेचं दुसरं नाव आहे.

ही वळतं करण्याची सोय नसेल तर काय होतं ते पाहिल्यावर व्हॅट का शोधला गेला ते कळतं. कापड ११० ला गेलं. शिवणाऱ्याने त्यात आपले १५० घातले, २६०, त्यावर २६ कर, २८६. दुकानदाराने १५० घातले, ४३६, त्यावर ४३.६०. गिऱ्हाइकाने दिले ४७९.६०. म्हणजे ४०० च्या वस्तूत ७९.६० कर, जवळजवळ दुप्पट, आणि बिलावर मात्र दर १० टक्केच. जितके हात बदलले तितका कर फुगत जातो. युरोपात असे साखळी कर होते. फ्रान्समध्ये मोरिस लोरे या करअधिकाऱ्याने वळतं करण्याची रचना मांडली आणि ती तिथे १९५४ साली लागू झाली. जर्मनीने आपला जुना उलाढाल कर सोडून १ जानेवारी १९६८ ला व्हॅट घेतला.

पाटीपेन्सिल, तुमचे ते ४५ आणि हा फुगवटा, दोन्हींचं मूळ एकच आहे : करावर मोजलेला कर.

---

पाटीपेन्सिल

तळटीप, हे वाचून अंगावर शहारा आला. माझी वहीतली चूक एके काळी अख्ख्या देशांच्या करात होती तर.

छापील किमतीबद्दल एक जोडतो. भारतात आवेष्टित मालावरची एमआरपी सर्व करांसहित असते, तिच्यावर आणखी जीएसटी जोडून मागता येत नाही. जपानमध्येही १ एप्रिल २०२१ पासून गिऱ्हाइकाला करासहित एकूण किंमत दाखवणं बंधनकारक आहे. म्हणून बिल हातात आलं की पहिला प्रश्न हाच विचारावा : हा आकडा कर धरून आहे की सोडून? याचं उत्तर मिळेपर्यंत कॅल्क्युलेटरला हात लावू नये.

---

सायंतारा

हिशेब छान चाललाय, पण मला एक गोष्ट टोचते. हा कर सगळ्यांना एकाच दराने लागतो म्हणून तो समान वाटतो, पण तसा तो नाही. एका घराची मिळकत १०००, त्यातले ९०० खर्च होतात. दुसऱ्या घराची १०,०००, त्यातले ४००० खर्च होतात. खर्चावर १० टक्के कर धरला तर पहिलं घर ९० भरतं, मिळकतीच्या ९ टक्के. दुसरं ४०० भरतं, मिळकतीच्या ४ टक्के. ज्याच्याकडे मागे टाकायला काही उरत नाही त्याच्यावर भार जास्त.

म्हणून रोजच्या गरजेच्या वस्तूंना सवलत असावी असं मला तीव्रतेने वाटतं. पाळीच्या पॅडवर कर घेणं मला कधीच पटलं नाही. ती काही हौसेची खरेदी नव्हे. भारतात त्यावर १२ टक्के जीएसटी होता, तो जुलै २०१८ मध्ये काढला. ऑस्ट्रेलियाने १ जानेवारी २०१९ पासून आणि ब्रिटनने १ जानेवारी २०२१ पासून काढला. या प्रत्येक ठिकाणी बायकांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं.

---

तळटीप

सायंतारा, पूर्ण सहमत. त्यातला एक बारकावा सांगतो, कारण सवलत खरोखर गिऱ्हाइकापर्यंत पोचते का हे त्यावर ठरतं. 'शून्य दर' आणि 'करमुक्त' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. शून्य दरात विक्रेता गिऱ्हाइकाकडून काही घेत नाही आणि कच्च्या मालावर त्याने दिलेला कर त्याला परत मिळतो. ब्रिटनमध्ये लहान मुलांचे कपडे आणि पुस्तकं अशी शून्य दराची आहेत. करमुक्त वस्तूत मात्र विक्रेत्याने आधी दिलेला कर त्याला वळता करता येत नाही, तो त्याच्या खर्चात जातो आणि बहुधा किमतीत लपून गिऱ्हाइकाकडे येतो. बिलावर कर शून्य दिसतो, पण किमतीच्या पोटात थोडा असतो.

---

सायंतारा

हे माहीत नव्हतं. म्हणजे नुसतं 'कर काढा' म्हणून भागत नाही, कसा काढला तेही विचारायला हवं.

---

दशांश

दर कमी झाल्यावर किंमत किती उतरायला हवी, तिथेही लोक फसतात. ब्रिटनने डिसेंबर २००८ मध्ये दर साडेसतरावरून १५ वर आणला. दर अडीचने उतरला म्हणून छापील किंमत अडीच टक्क्यांनी उतरेल असं अनेकांना वाटतं. पण छापील किंमत करासहित आहे, म्हणजे ११७.५ वाटे. ते ११५ झाले. ११७.५ पैकी अडीच म्हणजे २.१३ टक्के. दुकानाने पूर्ण सवलत पुढे दिली तरी १०० ची वस्तू ९७.८७ ला येणार, ९७.५० ला नाही.

---

कोरा_कागद

ऑनलाइन खरेदीत कोणत्या गावाचा दर लागतो? विकणाऱ्याचा की माझा?

---

उत्तरध्रुव

दुसऱ्या राज्यातल्या विक्रेत्याकडून मागवलं तर साधारणपणे माल जिथे पोचतो तिथला. अमेरिकेत बरीच वर्षं असं होतं की राज्यात दुकान किंवा गोदाम नसलेल्या विक्रेत्याला ते राज्य कर गोळा करायला भाग पाडू शकत नव्हतं. १९९२ च्या एका निकालाने तसं ठरलं होतं. २१ जून २०१८ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने साउथ डकोटा राज्याच्या खटल्यात तो निकाल बाजूला सारला, आणि त्यानंतर ऑनलाइन बिलांवर कर दिसू लागला. युरोपीय संघातही २२ युरोंपर्यंतच्या आयात मालाला असलेली व्हॅटची सूट १ जुलै २०२१ ला संपली. म्हणून पत्ता टाकेपर्यंत दाखवलेली रक्कम शेवटची समजू नका.

---

पाटीपेन्सिल

दोन दरांच्या बिलाबद्दल व्यक्तिगत निरोपातून विचारणा झाली, म्हणून इथेच सोडवून दाखवतो. बिल करासहित आहे. पुस्तकं ४२०, दर ५. बल्ब ३६० आणि तारेचा बोर्ड ५४०, दोन्हींना दर २०. एकूण १३२०.

इथे ५ आणि २० ची सरासरी साडेबारा धरून १३२० चा नववा हिस्सा काढायचा मोह होतो. १४६.६७ येतात, आणि ते चूक आहेत. एका दराच्या वस्तू एका ढिगात ठेवायच्या. ४२० चा एकविसावा हिस्सा २०. ३६० आणि ५४० मिळून ९००, त्याचा सहावा हिस्सा १५०. कर १७०, मूळ किंमत ११५०. पडताळा : ४०० वर ५ टक्के २०, ७५० वर २० टक्के १५०. जुळलं.

---

सांजवात

खोकं सापडलं, आत दुसरं कूपनही होतं. त्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलंय की विक्रेत्याने हे कूपन उत्पादकाकडे पाठवून रक्कम वसूल करावी. म्हणजे गल्लापेटींनी सांगितलं तेच. ४९० बरोबर होते. आज त्या मुलाला जाऊन कूपन उलटं करून दाखवलं आणि चार कसे आले ते कागदावर मांडून दिलं. त्याने तो कागद गल्ल्याच्या काचेखाली ठेवला.

---

गल्लापेटी

सांजवातताई, हे वाचून फार बरं वाटलं. आता एक लक्षात ठेवा, ती वस्तू कधी परत केलीत तर कराचे ४० ही परत मागा, फक्त किंमत घेऊन येऊ नका.

---

पाटीपेन्सिल

मी आज वर्षभराची वही काढून बसलो. पोटात कर असलेली, १५ टक्के दराची एकंदर आठ बिलं निघाली, बेरीज १८,४००. मी कराच्या रकान्यात मिळून २७६० लिहिले होते. फळाताईंच्या रीतीने १८,४०० ला २३ ने भागलं, ८०० आले, त्याची तिप्पट २४००. फरक ३६०, आणि २४०० चे १५ टक्के ३६०च. आठही ओळी खोडून शेजारी नवे आकडे लिहिले, प्रत्येकापुढे पडताळा केला. वही उद्या सकाळी बाईंकडे नेऊन देतो.

---

फळा

आठही पडताळे वहीतच राहू द्या, वेगळ्या कागदावर नकोत. पुढच्या वर्षी वही ज्याच्या हाती जाईल त्याला ते लागतील.